फोटोला हात लागला की लाल: फ्रॅजाइल वॉटरमार्कवालं सॉफ्टवेअर आठ महिने वापरल्यावर

पहिल्याच दिवशी हे सॉफ्टवेअर काढून टाकायला निघालो होतो. झालं असं की एका जळालेल्या मशीनच्या सर्व्हेचे १४० फोटो मी नीट बसून सील केले (म्हणजे या सॉफ्टवेअरने प्रत्येक फोटोत न दिसणारं वॉटरमार्क घातलं), आमच्या ग्रुपवर टाकले आणि निवांत झालो. अर्ध्या तासात ऑफिसातून फोन, "अहो, तुम्ही सगळेच फोटो एडिट केलेत की काय? इथे एकशे चाळीसच्या एकशे चाळीस लाल दिसतायत." मी म्हटलं क्रॉपसुद्धा केला नाहीये हो, उघडून बघितले तेवढेच. मग दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं की फोटो मी बिघडवले नव्हते, मेसेजिंग ॲपने बिघडवले होते. ते ॲप पाठवताना फोटो परत कॉम्प्रेस करतं, वर लहानही करतं. आणि हे वॉटरमार्क इतकं नाजूक की तेवढ्यानेच मोडलं. मोडायलाच तर बनवलंय ना ते.

चूक माझी, मान्य. पण सील केल्यावर समोर जे भलंमोठं शेअर बटण येतं ते दाबलं की थेट तेच ॲप उघडतं, आणि एका शब्दाने कुठे सांगत नाहीत की असं पाठवलंत तर सील गेलं म्हणून समजा. हे म्हणजे कुलूप विकायचं आणि किल्ली त्यालाच लटकवून द्यायची. असो. आठ महिने झाले, अजून वापरतोय, म्हणजे काहीतरी दम आहे.

नाव मुद्दाम लिहीत नाही कारण तक्रारी बऱ्याच आहेत, आणि तसंही या जातीची सॉफ्टवेअरं आतून बरीचशी सारखी असतात, त्यामुळे कुणी दुसरं कुठलं घेणार असेल तरी हे वाचून उपयोग होईल. माझं काम नुकसानीचे सर्व्हे करायचं. गाडी ठोकली, मशीन जळालं, पाणी शिरलं, की जायचं, फोटो काढायचे, रिपोर्ट लिहायचा. पुढे भांडण झालं की पहिला प्रश्न येतो, हा फोटो तेव्हाचाच कशावरून आणि मधे कुणी काही केलं नाही कशावरून. यातल्या दुसऱ्या प्रश्नासाठी हे घेतलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर याच्याकडे नाही, त्यावर खाली लिहिलंय.

आता वॉटरमार्क म्हटलं की लोकांना फोटोवर आडवं छापलेलं नाव आठवतं. हे तसलं नाही. हे दिसत नाही, आणि त्याचा हेतूही उलटा आहे. मालकी दाखवणारं वॉटरमार्क टिकावं लागतं, कापा, लहान करा, फिल्टर मारा, तरी राहिलं पाहिजे. फ्रॅजाइल वॉटरमार्क टिकलं तरच पंचाईत. औषधाच्या बाटलीच्या झाकणाखाली जी रिंग असते ना, झाकण फिरवलं की तुटते, तसं. रिंग बाटली वाचवत नाही, बाटली उघडली गेली एवढंच सांगते. बरेच जण हे घेतात आणि मग विचारतात की याने फोटो एडिट होणं थांबत का नाही. थांबत नाहीच, कुणीही कितीही एडिट करू शकतो, फक्त लपत नाही.

आत काय चालतं ते मी जमेल तेवढं वाचून काढलं, कारण रिपोर्टखाली सही माझी असते. साध्या फोटोत प्रत्येक पिक्सेलच्या प्रत्येक रंगाला ० ते २५५ मधला एक आकडा असतो, म्हणजे ८ बिट (बिट म्हणजे ० किंवा १). त्यातला शेवटचा बिट बदलला तर २५४ चा २५५ होतो, बास, एवढाच फरक, डोळ्याला काही कळत नाही. तर वरचे ७ बिट घ्यायचे, त्यांचा हिशोब करायचा आणि तो हिशोब त्या शेवटच्या बिटांत लिहून ठेवायचा. पुढे कुणी वरच्या बिटांना हात लावला की हिशोब जुळत नाही, शेवटच्या बिटांना लावला तरी जुळत नाही. ही कल्पना जुनी आहे, वॉल्टन नावाच्या माणसाने १९९५ मध्ये चेकसमची, म्हणजे पडताळणीच्या बेरजेची, अशी पद्धत मांडली होती. आता साध्या चेकसमच्या जागी पक्का हॅश (आकड्यांच्या ढिगाचा छोटासा ठसा, मूळ जरा बदललं की पूर्ण बदलतो) आणि गुप्त की, म्हणजे किल्लीसारखा गुप्त आकडा, असते, पण पाया तोच. फोटो किती बिघडतो म्हणाल तर सगळे शेवटचे बिट अगदी यदृच्छेने बदलले तरी सरासरी निम्मेच बदलतात (उरलेले निम्मे आधीच बरोबर असतात), आणि गणिताने गुणवत्ता ५१ डेसिबलच्या आसपास निघते, जी फारच चांगली आहे. मी मूळ आणि सील केलेला फोटो ८०० टक्के झूम करून आलटून पालटून बघितले. आकाशाचा सपाट भाग, गाडीचा काळा बोनेट, कुठेच काही नाही.

आता ज्यासाठी हे आवडलं ते. एका जनरेटरच्या पॅनलचा फोटो होता, त्यात तास मोजायचा मीटर, आकडा १३८४. सील केला, पीएनजीमध्ये ठेवला (या प्रकारच्या फाइलीत पिक्सेल जसेच्या तसे राहतात), मग स्वतःच एडिटरमध्ये उघडून ३ चा ८ केला. शेजारचा ८ उचलला, तिथे बसवला, कडा मऊ केल्या, परत पीएनजी. काम इतकं छान जमलं की मलाच माझा अभिमान वाटला. तपासणीला टाकला. माझ्या फोनचा फोटो ४००० बाय ३००० चा, याच्या चौकोन मोडमध्ये ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पडतात, म्हणजे एकूण १,८७,५०० चौकोन. त्यातले वीसेक लाल, बरोब्बर त्या आकड्यावर, आणि बाकी सगळा फोटो हिरवा. लाल डाग मी बदललेल्या आकड्यापेक्षा थोडा मोठा होता, कारण मऊ ब्रशची कड डोळ्याला दिसते त्यापेक्षा लांब जाते. आणि पार उजव्या वरच्या कोपऱ्यात एकच चौकोन लाल, एकटाच. मला वाटलं सॉफ्टवेअर चुकलं. मग आठवलं, ब्रशचा आकार बघायला मी तिथे एक टिंब मारलं होतं आणि अनडू न करता शेजारच्याच रंगाने झाकलं होतं. मी विसरलो होतो, त्याने दाखवलं.

याच्यावर कुणी म्हणेल की मग साधा हॅश काढून ठेवायचा ना, शा-२५६ नावाचा हॅश फुकट मिळतो, एक पिक्सेल हलला तरी पूर्ण बदलतो. बरोबर आहे, आणि खरं सांगायचं तर निम्म्या लोकांना तेवढं पुरेल, हे सॉफ्टवेअर घ्यायची गरजच नाही. हॅश फक्त हो किंवा नाही सांगतो, आणि तो वेगळ्या कागदावर सांभाळावा लागतो. इथे सील फोटोच्या आतच फिरतं, आणि कुठे हात लागला ते दाखवतं. माझ्या कामात कुठे हा प्रश्न फार मोठा आहे. कोपऱ्यातल्या झाडावर लाल आलं तर कुणी भांडत नाही, मीटरच्या आकड्यावर आलं की खोलीतले सगळे गप्प होतात.

यात अजून एक बारीक मोड आहे, तो पिक्सेलवर चालतो. यंग आणि मिंट्झर या दोघांनी १९९७ मध्ये मांडलेल्या पद्धतीच्या जातीचा. एक गुप्त तक्ता असतो, प्रत्येक रंगाचा आकडा तक्त्यात बघून काळं की पांढरं ठरतं, आणि पिक्सेल किंचित किंचित हलवून असे केलेले असतात की तपासताना सगळ्या पिक्सेलमधून मिळून तुमचा लोगो उमटतो. दिसायला हा फार भारी. तपासणी केली की फोटोच्या जागी आपलाच लोगो येतो आणि जिथे छेडछाड झाली तिथे लोगो चाळणीसारखा होतो. चाळणीच का, पूर्ण पुसला का जात नाही, तर बदललेला पिक्सेलसुद्धा निम्म्या वेळा नशिबाने बरोबर रंगाचा निघतो. क्लायंटसमोर दाखवायला एकदम मस्त, सगळ्यांना पटकन कळतं. पण मी वापरत नाही, कारण एकच लोगो आणि एकच की दोन फोटोंवर जरी वापरली तरी त्यावरून तो गुप्त तक्ता बराचसा परत काढता येतो, हे २००० साली फ्रिडरिक, गोल्यान आणि मेमन यांनी दाखवून दिलंय. आणि लोगो तर सगळे एकच वापरणार ना, दर फोटोला नवा लोगो कोण करत बसणार! सॉफ्टवेअरमध्ये याबद्दल चकार शब्द नाही, उलट हाच मोड जाहिरातीत पहिला.

आता माझी सगळ्यात मोठी तक्रार, आणि हे नीट वाचा कारण हे मला आमच्याकडे नवीन लागलेल्या पोरामुळे कळलं. त्याला मी म्हटलं की हे सॉफ्टवेअर फसवून दाखव, बघू. मला वाटलं बसेल दिवसभर. त्याने एका गाडीचे माझेच दोन फोटो घेतले, दोन्ही ट्रायपॉडवरून, त्याच जागेवरून, एक बंपर ठोकलेला, एक दुरुस्तीनंतरचा, दोन्ही त्याच कीने सील केलेले. दुसऱ्या फोटोतला चांगला बंपर कापला, पण कापताना एकच काळजी घेतली, कडा आठाच्या पटीत, म्हणजे चौकोनांच्या रेषांवरच. आणि पहिल्या फोटोत बरोब्बर त्याच जागी ठेवला. कडा मऊ केल्या नाहीत, रंग जुळवला नाही, काही नाही. तपासणीला टाकला.

"सर, हे बघा."

"काय बघू? हिरवाच तर आहे."

"तेच तर. बंपर बघा."

बंपर सरळ होता. ठोकलेल्या गाडीचा फोटो, सील शाबूत, आणि ठोकल्याची खूण गायब. मी दोनदा परत तपासला, तिसऱ्यांदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर तपासला. हिरवा.

याला नाव आहे, कोलाज अटॅक म्हणतात, आणि होलिमन आणि मेमन यांनी २००० सालीच याच्यावर लिहून ठेवलंय. कारण अगदी साधं आहे. प्रत्येक चौकोन स्वतःचा हिशोब स्वतःच्याच पोटात ठेवतो, शेजारी कोण आहे, आपण कुठल्या फोटोत आहोत, याचं त्याला सोयरसुतक नाही. मग त्याच कीने सील केलेला कुठलाही चौकोन उचलून दुसऱ्या फोटोत त्याच जागी बसवला तर तो खराच निघणार, कारण तो खराच आहे, फक्त दुसऱ्या घरचा. आणि तुमच्याकडे एका कीने सील केलेले जितके जास्त फोटो, तितका समोरच्याकडे खऱ्या चौकोनांचा साठा मोठा. म्हणजे जितकं इमानदारीने वापराल तितकं कच्चं होत जाणार!

उपाय पण जुनाच आहे आणि तो या सॉफ्टवेअरमध्ये आहे, हे ऐकून जास्त राग आला. सेटिंगमध्ये तिसऱ्या पानावर, प्रगत म्हणून जो भाग आहे त्यात, 'फोटो क्रमांक बांधा' आणि 'शेजारी जोडा' असे दोन टिक आहेत. पहिला लावला की प्रत्येक चौकोनाच्या हिशोबात त्या फोटोचा स्वतःचा क्रमांक आणि चौकोनाची जागा मिसळते, दुसऱ्याने शेजारच्या चौकोनाशी साखळी होते. पहिला लावून पोराला परत करायला लावलं, आख्खा बंपर लालभडक. म्हणजे सगळं येतं यांना, पण दोन्ही टिक आधीपासून काढलेले असतात! सपोर्टला लिहिलं, तीन दिवसांनी उत्तर आलं (सभ्य होतं, तेवढं म्हणेन), की फोटो क्रमांक बांधला तर तपासताना तो क्रमांक लागतो, लोक तो हरवतात आणि मग तक्रार करतात की आमचे खरे फोटो लाल दाखवतंय. पटण्यासारखं आहे का? थोडंसं. पण मग घेतल्या दिवशीच एकदा विचारा ना की काय हवंय. आम्ही आता फाइलच्या नावातच क्रमांक ठेवतो, अजून एकही हरवला नाही. हा टिक लावल्याशिवाय हे सॉफ्टवेअर वापरू नका, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

तारखेचं पण एक सांगायला हवं. सील फक्त पिक्सेलवर असतं. फोटोच्या फाइलमध्ये जी बाकीची माहिती असते, तारीख, वेळ, कॅमेरा, जागा, ती मी एका फुकटच्या टूलने बदलली, तारीख तीन महिने मागे नेली, आणि फोटो हिरवाच्या हिरवा. सॉफ्टवेअरचा दोष म्हणता येणार नाही कारण ते तसं म्हणतच नाही, पण रिपोर्टवर वर मोठ्या अक्षरात 'फोटो अस्सल' छापून येतं आणि त्याच्याच खाली ती बदललेली तारीख छापून येते, हे मात्र चुकीचं आहे, वाचणाऱ्याला वाटणार तारीखसुद्धा तपासलीय. मी आता जुन्या पद्धतीने कागदावर तारीख लिहून तो फ्रेममध्ये ठेवतो, म्हणजे तारीख पिक्सेलमध्येच आली.

आणि 'अस्सल' हा शब्दच मला खटकतो. त्याच पोराने (हुशार आहे, टिकला पाहिजे) एक एडिट केलेला फोटो मॉनिटरवर पूर्ण उघडला, मोबाइलने त्या मॉनिटरचा फोटो काढला, याच्याच मोबाइल ॲपने सील केला. हिरवा, फोटो अस्सल. आता तो फोटो अस्सलच आहे म्हणा, मॉनिटरचा अस्सल फोटो. सील केल्यापासून हात लागला नाही, एवढंच हे सांगू शकतं, त्याआधी काय झालं ते नाही. म्हणून शटर आणि सील यांच्यात जितका कमी वेळ तितकं बरं. कॅमेऱ्यातच सही करायची कल्पना फ्रीडमनने १९९३ मध्येच मांडली होती ती याचसाठी. आम्ही गॅलरीतून फोटो निवडून सील करणं बंद केलंय, ॲपच्या आतल्या कॅमेऱ्यानेच काढतो, जरी तो कॅमेरा फोनच्या मूळ कॅमेऱ्यापेक्षा भिकार आहे. कमी उजेडात फारच.

बरं, मग मेसेजिंग ॲपचा प्रश्न कसा सोडवला? यात एक मवाळ मोड आहे, सेमी फ्रॅजाइल. कल्पना अशी की साधं कॉम्प्रेशन झालं तर सोडून द्यायचं, आतला मजकूर बदलला तर पकडायचं. जेपेग (फोटो कॉम्प्रेस करून ठेवायची नेहमीची पद्धत) फोटोचे ८ बाय ८ चे तुकडे करतं, प्रत्येकाचे लहरींसारखे आकडे काढतं आणि ते आकडे ढोबळ करून टाकतं, त्यातच शेवटचे बिट मरतात. पण लिन आणि चँग यांनी एक छान गोष्ट पकडली होती: दोन तुकड्यांतले एकाच जागचे आकडे घ्या, पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर ढोबळ केल्यावर तो लहान कधी होत नाही, फार तर दोघं सारखे होतात. मग आकडे न जपता कोण मोठं कोण लहान एवढंच जपायचं. मला हे वाचून फार मजा आली, किती साधं आहे.

वापरात मात्र संमिश्र. जेपेग ८० क्वालिटीला सेव्ह केला, हिरवा. ६० ला कुठे कुठे पिवळे चौकोन. मीटरचा ३ चा ८ केलेला पकडला. पण दरवाजावरचा केसाएवढा ओरखडा पुसला तो याला दिसलाच नाही, आणि माझ्या धंद्यात ओरखडा म्हणजे पैसे. त्यात एक स्लायडर आहे, कडक ते मवाळ, तो कडक केला की कॉम्प्रेशनलाच लाल, मवाळ केला की ओरखडा सुटतो. मधे कुठे सोन्याचा बिंदू असेल म्हणून एक आख्खी दुपार घालवली, नाही मिळाला. आणि ग्रुपवर टाकलेला फोटो या मोडमध्येही लालच, कारण तिथे फोटो लहान होतो, आणि लहान झाला की ते ८ बाय ८ चे तुकडेच सरकतात. शेवटी उत्तर काय निघालं तर फोटो म्हणून पाठवायचाच नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, तो जसाच्या तसा जातो. इतकं सगळं करून उत्तर हे!

त्यामुळे मी कडक मोडच वापरतो आणि फाइलची किंमत मोजतो. फोनमधला चारेक एमबीचा फोटो सील होऊन पीएनजी झाला की पंचवीसच्या आसपास जातो. आणि हे कमी होणार पण नाही, कारण ते शेवटचे बिट यदृच्छ दिसणारे असतात आणि यदृच्छ गोष्ट कॉम्प्रेस होत नाही, तिन्ही रंग धरले तर १.२ कोटी पिक्सेलला नुसत्या त्या बिटांचेच साडेचार एमबी. माझी हार्ड डिस्क भरत आलीय.

कीबद्दल दोन शब्द. हे प्रकरण शेवटी कीवर येऊन थांबतं. कॅननच्या कॅमेऱ्यांत फोटो तपासायची सोय होती, वॉटरमार्क नव्हे, सहीसारखी, ती २०१० मध्ये एल्कमसॉफ्ट नावाच्या कंपनीने तोडली, कारण की कॅमेऱ्यातूनच काढता आली, आणि मग त्यांनी चंद्रावर सोव्हिएत झेंडा रोवलेला वगैरे फोटो अस्सल म्हणून पास करून दाखवले. पुढच्या वर्षी निकॉनचंही तेच. गणित कुणी तोडत नाही, किल्ली पळवतात. या सॉफ्टवेअरमध्ये दोन पर्याय आहेत. एकच गुप्त की, जिने सील पण होतं आणि तपासणी पण, किंवा जोडी, म्हणजे सील माझ्या खाजगी कीने आणि तपासणी कुणीही जाहीर कीने. पहिला घेऊ नका, कारण ज्याला तपासायला की द्याल तो सील पण करू शकतो, मग पुरावा कसला. आम्ही पहिले दोन महिने तोच वापरला, वर आमच्या एकाने कॉम्प्युटर फॉरमॅट केला आणि की त्याच्यातच होती. त्या दोन महिन्यांचे सगळे सीलबंद फोटो आता कायमचे न तपासता येणारे. फोटो आहेत, दिसतात, सील आतमध्ये आहे, पण उघडायला काही नाही. बॅकअप घ्या म्हणून सॉफ्टवेअरने आठवण करायला हवी होती असं मी म्हणणार होतो, पण जाऊ दे, ती आमचीच अक्कल.

एक परतीचा मोड पण आहे, यात तपासणी झाल्यावर वॉटरमार्क काढून मूळ फोटो बिट न बिट परत मिळतो. एक्स-रे वगैरेवाल्यांना हे लागतं कारण तिथे एक बिट बदललेला पण नको असतो. मला गरज नाही, पण करून बघितलं, मूळ आणि परत मिळालेल्या फोटोच्या पिक्सेलचा हॅश काढला, तंतोतंत एक. ज्यांना लागेल त्यांनी यासाठी डोळे झाकून घ्यावं.

बाकी फुटकळ. फाइलचं नाव देवनागरीत असेल तर रिपोर्टमध्ये चौकट चौकट छापून येतं. तपासणीला एका फोटोला पाच-सहा सेकंद, शंभर एकदम टाकले तर जेवून या. फोटो ९० अंशात खरोखर फिरवला तर पूर्ण लाल, पण फोन नुसती 'असा दाखव' म्हणून खूण ठेवतो तेव्हा हिरवा, कारण पिक्सेल हललेलेच नसतात, यावरून ऑफिसात एकदा विनाकारण भांडण झालंय. आणि ज्याच्यावर वॉटरमार्क कधी घातलंच नव्हतं असा फोटो टाकला तरी ते सगळं लाल दाखवतं, म्हणजे 'सील मोडलंय' आणि 'सील नव्हतंच' यात फरकच नाही. कुणाचा तरी निष्पाप फोटो यावरून खोटा ठरेल एखाद्या दिवशी. आणि हो, कुणी विचारलं होतं की याने एआयचा फोटो ओळखता येईल का, तर नाही, हे ते यंत्रच नव्हे. गुगलचं सिंथआयडी वगैरे आहे ते टिकाऊ वॉटरमार्क, ते बनवणाराच घालतो.

पाचपैकी साडेतीन देतोय. अर्धा स्टार त्या बारीक मोडच्या जाहिरातीसाठी कापला, एक पूर्ण त्या काढून ठेवलेल्या टिकसाठी. ज्यांचे फोटो एका जागी राहतात, कार्डवरून थेट सर्व्हरवर जातात, त्यांच्यासाठी हे उत्तम आहे. ज्यांचे फोटो दहा जणांच्या फोनमधून फिरून येतात त्यांनी आधी ते फिरणं बंद करावं, मग हे घ्यावं. गेल्या आठवड्यात नवीन अपडेट आलंय, मोठ्या आशेने इन्स्टॉल केलं. शेअर बटण तिथेच आहे, अजूनही थेट मेसेजिंग ॲपच उघडतं, फक्त त्याचा रंग निळ्याचा हिरवा केलाय.